तळहातावरील संगणक आणि फळ्यासमोरील शिक्षक

कुंडीतील मातीत दोन लोखंडी खिळे रोवलेले आहेत. त्यांना जोडलेल्या दोन वायरी आगपेटीएवढ्या एका इलेक्ट्रॉनिक पट्टीपर्यंत आल्या आहेत. पट्टीला पेन्सिल सेलची छोटी डबी जोडलेली आहे. माती ओली असली की पट्टीवरील बारीक तांबडे दिवे हसरा चेहरा दाखवतात. माती सुकली की तोच चेहरा रडवेला होतो. हे यंत्र कोणत्याही दुकानातून आणलेले नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ते वर्गात बसून तयार केले आहे, आणि माती नेमकी कधी ‘सुकली’ असे समजायचे, हा निर्णयही त्याचाच आहे. ब्रिटनमधील शाळांत गेल्या काही वर्षांत हे दृश्य सर्रास दिसू लागले आहे. या आगपेटीएवढ्या पट्टीचे नाव आहे ‘बीबीसी मायक्रोबिट’.

संगणकाला आज्ञा देण्याची विद्या, म्हणजेच कोडिंग, मुलांना शाळेतच शिकवावी की नाही, हा वाद आता जगात बहुतेक ठिकाणी मिटला आहे. ती कशी शिकवावी, हा प्रश्न मात्र कायम आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे ब्रिटनने शोधलेले उत्तर म्हणून मायक्रोबिटकडे पाहावे लागते. त्यात यश किती आले आणि कोठे अडले, हे समजून घेणे भारतातील शाळांच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे.

वापरणारे आणि घडवणारे

या कथेची सुरुवात १९८१ मध्ये होते. संगणक घराघरांत येणार, पण सामान्य माणसाला त्याची ओळखच नाही, हे लक्षात घेऊन बीबीसीने संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक तयार केला. जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर त्याला जोडून मालिका दाखवण्यात आली. शाळांनी संगणक घ्यावेत म्हणून सरकारने निम्मा खर्च उचलला. हे यंत्र सुरू केले की पडद्यावर चित्रे वा खेळ येत नसत. येत असे आज्ञेची वाट पाहणारी रिकामी ओळ. काहीतरी टंकलिखित केल्याशिवाय संगणक हलत नसे. त्यामुळे त्या काळात संगणकाला हात लावणे म्हणजेच बेसिक भाषेतील चार ओळी लिहिणे होते. ब्रिटनमधील संगणक अभियंत्यांची एक पिढी या रिकाम्या ओळीसमोर घडली.

पुढे संगणक सोपे झाले. चित्रांवर टिचकी मारली की काम होऊ लागले. शाळांमधील ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान’ हा विषयही त्याबरोबर बदलला. पत्र टंकलिखित करणे, तक्ता भरणे, सादरीकरणाच्या पट्ट्या सजवणे एवढ्यावर तो येऊन थांबला. ऑगस्ट २०११ मध्ये एडिंबरा येथील एका व्याख्यानात गूगलचे तत्कालीन कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनी यावर बोट ठेवले. ब्रिटनमधील शाळा संगणकप्रणाली वापरायला शिकवतात, ती कशी तयार होते हे शिकवत नाहीत, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानेही जवळपास हाच निष्कर्ष काढला. त्याच महिन्यात सरकारने जुना अभ्यासक्रम मोडीत काढण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये वयाच्या पाचव्या वर्षापासून ‘कम्प्युटिंग’ हा विषय अनिवार्य झाला.

अभ्यासक्रम बदलला, पण तो शिकवणारे शिक्षक तेच होते. आदल्या वर्षीपर्यंत तक्ते भरायला शिकवणाऱ्यांवर आता आज्ञावली शिकवण्याची जबाबदारी आली.

दहा लाख मुलांच्या हाती

या पार्श्वभूमीवर मार्च २०१५ मध्ये बीबीसीने आपला दुसरा प्रयोग जाहीर केला. साधारण अकरा-बारा वर्षे वयाच्या, म्हणजे माध्यमिक शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला एक छोटा संगणक मोफत द्यायचा, अशी ही योजना होती. संख्या होती दहा लाखांपर्यंत. एआरएम, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग, नॉर्डिक सेमीकंडक्टर या कंपन्या, लँकेस्टर विद्यापीठ आणि इतर अशा २९ भागीदारांची साथ त्याला मिळाली. यंत्रे २०१५ च्या शरद ऋतूत मिळायची होती, पण वीजपुरवठ्याच्या रचनेतील अडचणीमुळे विलंब झाला आणि प्रत्यक्ष वाटप मार्च २०१६ मध्ये सुरू झाले.

या योजनेतील एक तपशील महत्त्वाचा होता. यंत्र शाळेच्या कपाटात ठेवण्यासाठी दिलेले नव्हते. ते मुलाच्या मालकीचे होते. ते दप्तरात टाकून घरी नेता येत होते. मोडले तर मोठे नुकसान होणार नव्हते. महागड्या संगणकाला हात लावताना मुलांच्या मनात जी धास्ती असते, ती येथे नव्हती.

ऑक्टोबर २०१६ मध्ये हे काम मायक्रोबिट एज्युकेशनल फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवण्यात आले. त्यानंतर डेन्मार्कमध्ये तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१८ मध्ये अशीच मोहीम सुरू केली, तर पश्चिम बाल्कनमधील सहा देशांत ब्रिटिश कौन्सिलने शाळांपर्यंत ही यंत्रे नेली. २०२३ मध्ये ब्रिटनमधील प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आली. तिच्यात प्रत्येक शाळेला ३० यंत्रांचा संच, याप्रमाणे सुमारे सात लाख यंत्रे देऊ करण्यात आली.

पट्टीवर आहे तरी काय?

साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद अशा या पट्टीच्या दर्शनी बाजूला पाच ओळींत पाच याप्रमाणे २५ एलईडी दिवे असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणे असतात. मागील बाजूस प्रोसेसर, हालचाल ओळखणारा त्वरणमापक, होकायंत्राचे काम करणारा चुंबकीय संवेदक आणि बिनतारी संदेशांसाठी रेडिओ असतो. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असून त्यांतील पाच मोठ्या पट्ट्यांना भोके असतात. त्यांत चिमट्याच्या वायरी अडकवून बाहेरची उपकरणे जोडता येतात. डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, गरज पडत नाही. २०२० च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ध्वनिक्षेपक व ध्वनिग्राहकाची भर पडली.

आकड्यांच्या भाषेत हा अगदी दुबळा संगणक आहे. पहिल्या आवृत्तीची कार्यकारी स्मृती केवळ १६ किलोबाइट होती. १९८१ च्या बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ आवृत्तीची ३२ किलोबाइट होती. वेग मात्र त्या जुन्या यंत्रापेक्षा अठरापट आणि आकार सत्तर पटींनी लहान, अशी तुलना बीबीसीने केली होती. योगायोग असा की, त्यातील प्रोसेसरची रचना एआरएमची आहे. एआरएमचा उगम त्याच एकॉर्न कंपनीत, सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांच्या १९८० च्या दशकातील कामात आहे. जुन्या शालेय संगणकाच्या वंशातील प्रोसेसरच नव्या शालेय संगणकात बसला.

या यंत्राला पडदा नाही, कळफलक नाही, आणि चित्रपट पाहण्याची किंवा निरोप धाडण्याची सोयही नाही. मूल त्यावर रेंगाळू शकत नाही. आज्ञावली लिहून त्यात घातली नाही तर ते निव्वळ एक पट्टीच राहते. बीबीसी मायक्रोच्या रिकाम्या ओळीची आठवण येथे होते.

दोन खिळे आणि एक अट

आज्ञावली लिहिण्याचे काम नेहमीच्या संगणकावर, टॅब्लेटवर किंवा भ्रमणध्वनीवर होते. लहान मुलांसाठी मायक्रोसॉफ्टची ‘मेककोड’ ही सोय आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञा हा एक रंगीत ठोकळा असतो आणि ठोकळे एकमेकांत अडकवत जायचे असतात. ज्या दोन आज्ञा तर्काने जुळत नाहीत, त्यांचे ठोकळेही जुळत नाहीत. त्यामुळे स्वल्पविराम राहिला म्हणून अख्खी आज्ञावली बंद पडण्याची वेळ येत नाही. मोठ्या मुलांना ‘पायथन’ या भाषेत लिहिता येते. तयार झालेली आज्ञावली यूएसबी वायरीने पट्टीत उतरवली की वायर काढून टाकायची. यापुढे पट्टी सेलवर स्वतंत्रपणे चालते.

कुंडीचे उदाहरण घेतले तर या शिक्षणाची पद्धत कळते. ओल्या मातीतून वीज सहज वाहते, कोरड्या मातीतून कमी वाहते. हा फरक मायक्रोबिट ० ते १०२३ यांमधील एका संख्येच्या रूपात मोजतो. विद्यार्थ्याने प्रथम ती संख्या दिव्यांवर दाखवण्याची आज्ञा लिहायची. मग कोरड्या मातीची संख्या टिपायची, पाणी घालायचे आणि पुन्हा टिपायची. या दोहोंमधील कोणती तरी संख्या सीमारेषा म्हणून निवडायची. ‘संख्या याहून कमी असेल तर रडवेला चेहरा, नसेल तर हसरा’ ही अट त्यानंतर लिहिली जाते, आणि ती अखंड फेऱ्यांत पुन:पुन्हा तपासली जाते.

एवढ्याशा कामात चल राशी, अट आणि पुनरावृत्ती या आज्ञावली लेखनाच्या तीन मूलभूत कल्पना येऊन जातात. चल म्हणजे बदलत्या संख्येला दिलेले नाव, ही गोष्ट फळ्यावरील ‘क्ष’पेक्षा कुंडीत पाणी ओतताना लवकर उमगते.

खरे शिक्षण मात्र पुढे होते. काही दिवसांनी खिळ्यांना गंज चढू लागतो आणि मोजणी बिघडते. सतत वीज वाहत राहिल्याने ही झीज वेगाने होते. मग मापनाच्या क्षणापुरतीच वीज सोडायची, उरलेला वेळ बंद ठेवायची, अशी सुधारणा सुचते आणि आज्ञावलीत आणखी दोन ठोकळे वाढतात. तापमानाच्या प्रयोगातही असेच होते. मायक्रोबिटचे तापमान वर्गातील तापमापीपेक्षा थोडे जास्त भरते, कारण तो हवेचे नव्हे, स्वत:च्या प्रोसेसरचे तापमान मोजतो. यंत्राने दाखवलेला आकडा म्हणजे अंतिम सत्य नव्हे, तो कोठून आला हे विचारावे लागते, ही समज यातून येते. आजच्या काळात तिचे मोल कोडिंगपेक्षा कमी नाही.

चूक हाती लागते तेव्हा

मुलांनी वस्तू घडवत शिकावे, हा विचार नवा नाही. गणितज्ञ सेमूर पॅपर्ट यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह ‘लोगो’ ही मुलांसाठीची भाषा तयार केली. तिच्या आधारे मुले जमिनीवर सरकणाऱ्या यांत्रिक कासवाला आज्ञा देत. कासव चुकीच्या दिशेला वळले तर मुले स्वत: तसे चालून पाहत आणि आपली चूक शोधत. आज्ञावलीतील दोष म्हणजे अपयश नव्हे, तो शोधून दुरुस्त करणे हाच शिकण्याचा मार्ग, अशी पॅपर्ट यांची धारणा होती.

मायक्रोबिट हे त्याच कासवाचे धाकटे भावंड म्हणता येईल. पावले मोजणारे यंत्र हा वर्गातील आवडता प्रयोग. पट्टी पायाला बांधायची आणि हिसका बसला की संख्या एकने वाढवायची. मूल दहा पावले चालते आणि यंत्र चौदा दाखवते. पाय उचलताना आणि टेकवताना असे दोनदा हिसके बसत असावेत, असा तर्क कोणी करते. हिसक्याची मर्यादा वाढवून कोणी पाहते. शिक्षकाने ‘चूक’ असा शेरा मारण्याची गरज पडत नाही. दहाच्या जागी चौदा दिसणे पुरेसे असते.

किंग्ज कॉलेज लंडनमधील संशोधक सू सेंटन्स व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षक व विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. यंत्र हाताळता येणे आणि त्यातून स्वत:चे काही घडवता येणे, या गोष्टी मुलांना भावल्याचे त्यांना आढळले. बीबीसीने त्याच वर्षी जाहीर केलेल्या पाहणीत ८६ टक्के विद्यार्थ्यांनी मायक्रोबिटमुळे विषय अधिक रंजक झाल्याचे सांगितले. हा विषय निवडू असे म्हणणाऱ्या मुलींच्या संख्येत ७० टक्के वाढ झाल्याचेही पाहणीत नमूद होते. हा आकडा जपून वाचायला हवा. ७० टक्के मुली विषय निवडणार, असा त्याचा अर्थ नाही. आधी २३ टक्के मुली तसे म्हणत होत्या, त्या ३९ टक्के झाल्या, एवढाच आहे.

आकडे आणि वास्तव

इच्छा व्यक्त करणे वेगळे आणि परीक्षेचा अर्ज भरणे वेगळे. रॉयल सोसायटीने नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा आढावा घेतला, तेव्हा इंग्लंडमधील ५४ टक्के शाळांत सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेसाठी संगणकशास्त्र हा विषयच उपलब्ध नसल्याचे दिसले. २०१२ ते २०१७ या काळात या विषयाच्या शिक्षक प्रशिक्षणासाठी ठरवलेल्या उद्दिष्टापैकी जेमतेम ६८ टक्के जागा भरल्या होत्या. त्यानंतर सरकारने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ८.४ कोटी पौंडांची तरतूद करून राष्ट्रीय केंद्र उभारले.

मुलींबाबतचे चित्र अधिक चिंताजनक ठरले. किंग्ज कॉलेज लंडनच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०१५ मध्ये जुन्या माहिती तंत्रज्ञान विषयाच्या परीक्षार्थींत ४३ टक्के मुली होत्या. तो विषय बंद झाल्यावर, २०२३ मध्ये संगणकशास्त्राच्या परीक्षार्थींत हे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. जुना विषय उथळ होता हे खरे. पण त्याच्या जागी आलेला विषय अनेकींना आपला वाटला नाही, हेही तितकेच खरे. दहा लाख यंत्रांचे वाटप हा प्रवाह थोपवू शकले नाही. याचा दोष यंत्राला देता येणार नाही. अकराव्या वर्षी लागलेली गोडी पंधराव्या वर्षापर्यंत टिकवण्याचे काम यंत्राचे नसते.

ते काम शिक्षकाचे असते, आणि त्यासाठी पद्धत लागते. मुलांच्या हाती रिकामा पडदा देऊन ‘आता काहीतरी बनवा’ म्हटले की चार-दोन हुशार मुले पुढे जातात आणि उरलेली त्यांच्याकडे पाहत बसतात. सेंटन्स व सहकाऱ्यांनी यावर पाच पायऱ्यांची रीत सुचवली. तयार आज्ञावली आधी वाचायची आणि ती काय करील याचा अंदाज बांधायचा. मग चालवून अंदाज तपासायचा. तिचा एकेक भाग उलगडायचा. तिच्यात छोटे बदल करायचे. आणि शेवटी स्वत:ची नवी आज्ञावली लिहायची. लिहिण्याआधी वाचायला शिकायचे, हे भाषेच्या शिक्षकाला नवे नाही. ११ ते १४ वयोगटातील सुमारे ५०० विद्यार्थ्यांवर ही रीत वापरून पाहिली असता, त्यांची कामगिरी इतरांपेक्षा सरस ठरली.

भारताचा जुना अनुभव

बीबीसीच्या पहिल्या संगणकाशी भारताचाही संबंध आला होता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प प्रायोगिक पातळीवर सुरू केला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक बसवले. महाराष्ट्रासह देशातील अनेकांनी आयुष्यातील पहिला संगणक त्या काळातील शाळेच्या कुलूपबंद खोलीत, चपला बाहेर काढून पाहिला असेल. यंत्रे पोहोचली, परंतु प्रशिक्षित शिक्षकांची वानवा, देखभालीची अडचण आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा अपुरा वेळ या दुखण्यांनी अशा योजनांना पुढेही ग्रासले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगशी निगडित उपक्रम सुरू करण्याचे म्हटले आहे. दुसरीकडे, २०२३-२४ च्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते. या दरीत खिशात मावणारी स्वस्त यंत्रे आकर्षक पर्याय वाटणे स्वाभाविक आहे. एका संगणकावर आज्ञावली लिहून ती पाच-सहा पट्ट्यांत उतरवता येते. त्यामुळे संगणक थोडे आणि मुले अधिक असलेल्या वर्गातही प्रत्येकाच्या हाती काहीतरी येऊ शकते. पट्टी हाती नसली, तरी मेककोडच्या पडद्यावरील आभासी पट्टीवर आज्ञावली चालवून पाहण्याची सोय आहे.

मात्र खरेदी करण्यापूर्वी ब्रिटनचा हिशेब समोर ठेवायला हवा. यंत्रे वाटून झाल्यावर तेथे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर कोट्यवधी पौंड खर्च करावे लागले. हा क्रम उलटा असता, तर २०१६ मधील उत्साहाचे अधिक चीज झाले असते. आपल्याकडील शाळेला दहा पट्ट्या घेण्याइतकेच पैसे मिळाले, तर पाच घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांत एका शिक्षिकेला सुटीत नीट प्रशिक्षण द्यावे, हा त्या अनुभवाचा व्यवहारी अर्थ आहे.

खिळे, कुंडी आणि माती कोणत्याही गावात मिळते. पट्टीही फार महाग नाही. पायाला बांधलेल्या यंत्राने दहाच्या जागी चौदा दाखवले, तेव्हा घाईने उत्तर न सांगता ‘असे का झाले असेल?’ असे विचारणारे माणूस वर्गात असणे, ही या सगळ्यातील सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.